टीपी-लिंक आर्चर सी६: वरच्या मजल्याचं वायफाय आणि गायब होणारा प्रिंटर

आधी निकाल सांगून टाकतो, बाकीचं ज्याला वेळ आहे त्याने वाचा. आर्चर सी६ हा काही लई भारी राउटर नाहीये, वायफाय ५ वाला जुना गडी आहे, यूएसबी पोर्ट नाही, पण दुमजली घरात वरच्या मजल्यासाठी दुसरं वायफाय हवं असेल आणि खिशात दोन-अडीच हजारच असतील तर बिनधास्त घ्या. अट एकच, बॉक्समधून काढला, वायर खुपसली, इंटरनेट चालू झालं, चला झालं काम, असं करू नका. त्यात अ‍ॅक्सेस पॉइंट मोड नावाची एक सेटिंग आहे, ती लावायची. माझ्या मते या राउटरचे अर्धे पैसे त्या एका सेटिंगचे आहेत आणि ऑनलाइन रिव्ह्यूत तिच्याबद्दल कोणी बोलत नाही, सगळे स्पीड टेस्टचे फोटो टाकतात.

आमचं घर साताऱ्यात, खालचा मजला जुना दगडी, वरचा नंतर बांधलेला, मध्ये जाडजूड स्लॅब. फायबरचं कनेक्शन खाली हॉलमध्ये, कंपनीने दिलेला डबा टीव्हीच्या मागे भिंतीला लावलेला. वर बायकोची ट्यूशन चालते, तिथे वायफायची एक काडी यायची ती पण दारात उभं राहिलं तर. म्हणून खालून वर कॅट-६ केबल ओढून घेतली आणि वर हा सी६ बसवला. बॉक्समध्ये राउटर, अडॅप्टर, एक आखूड लॅन केबल आणि कागदपत्रं, एवढंच. मागे एक वॅन (इंटरनेट आत यायला) आणि चार लॅन (घरातल्या वस्तू जोडायला), पाचही पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे आहेत आणि या किमतीत ही गोष्ट बघून घ्या, कारण याच्यापेक्षा दोन-चारशे रुपये स्वस्त मॉडेलांमध्ये पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात, मग वर वायफाय कितीही पळू दे, वायरच १०० च्या पुढे जात नाही. बॉक्सवरचा १२०० आकडा म्हणजे ५ गिगाहर्ट्झचे ८६७ आणि २.४ चे ३०० मिळून होणारे ११६७, ते वर ओढून १२०० केलेले, एका मोबाईलला १२०० कधीच मिळत नाहीत, ते सोडून द्या.

तर वर इंटरनेट मस्त चालू झालं, सगळे खूश. आणि मग दुसऱ्याच दिवसापासून तक्रारी. प्रिंटर ट्यूशनसाठी वर नेला होता, तो बाबांच्या मोबाईलवर दिसेना. सातबाऱ्याची पीडीएफ हातात, प्रिंट दाबलं की "प्रिंटर शोधत आहे" आणि गोल गोल फिरत बसतं. वरून मोबाईलवरचा व्हिडिओ खालच्या टीव्हीवर टाकायला गेलं तर कास्टच्या लिस्टमध्ये टीव्हीच नाही. बायको म्हणाली, "अहो कालपर्यंत दिसत होता की टीव्ही, तुम्ही नवीन काय बसवलंय त्याने काहीतरी झालंय." आई म्हणाली तो डबा परत करून टाक. इंटरनेट कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला तर तिकडून, "सर, इंटरनेट चालू आहे ना? मग आमच्या साइडने क्लिअर आहे." ते त्यांच्या जागी बरोबरच म्हणा, इंटरनेट चालूच होतं. बाजारात एका दुकानात विचारलं तर तो थेट आठ हजाराचा मेश सेट (घरभर एकच वायफाय पसरवणारे दोन-तीन डबे) काढून दाखवायला लागला.

आता यात राउटरचा काही दोष नाही, तो त्याला सांगितलेलं कामच करत होता. प्रॉब्लेम असा असतो की घरात एक राउटर आधीच आहे, कंपनीचा, तो सगळ्यांना १९२.१६८.१ च्या घरातले पत्ते वाटतो. सी६ डब्यातून निघतो तेव्हा तो पण राउटर म्हणूनच निघतो आणि १९२.१६८.० चे पत्ते वाटायला लागतो. झाली की एका घरात दोन नेटवर्कं. वरच्या लोकांचं सगळं ट्रॅफिक सी६ स्वतःच्या एका पत्त्याआड लपवून खाली पाठवतो, याला नॅट म्हणतात, आणि खालचा डबा पुन्हा तेच करतो म्हणून डबल नॅट, आणि यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप, बँकेचं अ‍ॅप यांना त्याने काडीचा फरक पडत नाही म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही. लक्षात येतं ते प्रिंटर आणि टीव्ही गायब झाल्यावर.

कारण प्रिंटर, टीव्ही, स्मार्ट स्पीकर ही मंडळी एकमेकांना पत्त्यावरून शोधत नाहीत, वाड्याच्या चौकात उभं राहून हाक मारल्यासारखं करतात, "इथे कोणी प्रिंटर आहे का हो?" आणि प्रिंटर ओ देतो. या हाकेला एमडीएनएस म्हणतात, अ‍ॅपलवाले बोनजूर म्हणतात, २०१३ साली त्याचं रीतसर स्टँडर्ड आलं. हाक जाते २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, पोर्ट ५३५३. आणि २२४.०.० ने सुरू होणारे हे पत्ते राउटरने पुढे पाठवायचेच नाहीत असा नियमच आहे, म्हणजे ती हाक वरच्या राउटरच्या उंबऱ्यापाशी संपते. टीव्हीवर घरातल्या कॉम्प्युटरवरचे फोटो-पिक्चर बघायचं जे डीएलएनए असतं त्याची हाक वेगळी, २३९.२५५.२५५.२५० वर, पोर्ट १९००, पण घरगुती राउटर ती पण अशी आपसूक पलीकडे सोडत नाही. म्हणजे वायफायच्या पाचही काड्या असल्या तरी उपयोग शून्य. सिग्नलचा आणि याचा संबंधच नाही, हे त्या मेशवाल्या दुकानदाराला कोण सांगणार.

तुमच्याकडे हेच झालंय का हे बघायला कुठलं अ‍ॅप लागत नाही. मोबाईलच्या वायफाय सेटिंगमध्ये जाऊन जोडलेल्या नेटवर्कवर दाबा, खाली आयपी अ‍ॅड्रेस दिसतो. आमच्याकडे बाबांच्या मोबाईलवर खाली १९२.१६८.१.३४, माझ्यावर वर १९२.१६८.०.१०५. तिसरा आकडा वेगळा दिसला की समजायचं. प्रिंटरचा पत्ता त्याच्या स्क्रीनवर नसेल तर नेटवर्कची माहिती असलेलं पान छापून निघतं, कुठलं बटण दाबून धरायचं ते प्रिंटरच्या पुस्तिकेत असतं, आमच्याचा निघाला १९२.१६८.०.१०७. लॅपटॉप असेल तर वरच्या वायफायला जोडून कमांड प्रॉम्प्टमध्ये ट्रेसर्ट ८.८.८.८ (इंग्रजीत tracert 8.8.8.8) टाका, वाटेत कुठले राउटर लागतात ते दिसतं. पहिली ओळ १९२.१६८.०.१, दुसरी ओळ १९२.१६८.१.१, म्हणजे दोन राउटर एकामागे एक उभे आहेत. तिसऱ्या ओळीत १००.६४ वगैरे काही दिसलं तर ते इंटरनेट कंपनीचं आहे, बरीच गिऱ्हाइकं एकाच पत्त्यावर बसवायला ते असं करतात, त्याचा आपल्या प्रिंटरशी संबंध नाही, त्याच्या नादी लागू नका.

एक गंमत इथे सांगायलाच पाहिजे कारण यातच माणसं जास्त गोंधळतात. वरच्या लॅपटॉपवरून खालच्या टीव्हीच्या पत्त्याला पिंग केलं, म्हणजे आहेस का असं विचारलं, तर उत्तर येतं! कास्टमध्ये दिसत नाही पण पिंगला उत्तर देतो. आणि खालच्या लॅपटॉपवरून वरच्या प्रिंटरला पिंग केलं तर काहीच नाही, ठार शांतता. कारण आतल्या राउटरच्या मागून बाहेर जायला रस्ता मोकळा आहे, बाहेरून आत यायला नाही, एकतर्फी. म्हणून प्रिंटर खाली असता तर वरच्या लॅपटॉपमध्ये त्याचा आयपी हाताने टाकून प्रिंट निघाली असती आणि लोकांना वाटलं असतं की सुटला प्रॉब्लेम. नाही सुटत, मोबाईलवरची बरीच अ‍ॅपं आयपी टाकायची सोयच देत नाहीत, त्यांना हाकच लागते.

आता मुद्द्याची सेटिंग. वरच्या वायफायला जोडून ब्राउझरमध्ये टीपीलिंकवायफाय डॉट नेट (tplinkwifi.net) उघडायचं, पहिल्यांदा अ‍ॅडमिनचा पासवर्ड ठेवायला सांगतो तो ठेवा आणि कुठेतरी लिहून ठेवा, मग अ‍ॅडव्हान्स्डमध्ये सिस्टिमखाली ऑपरेशन मोड, तिथे राउटर आणि अ‍ॅक्सेस पॉइंट असे दोन पर्याय, दुसरा निवडून सेव्ह. राउटर रीस्टार्ट होतो. बस्स. परत आल्यावर तो पत्ते वाटणं बंद करतो, खालच्या राउटरने दिलेलेच पत्ते वर पोचवतो, नॅट गेलं, वरखाली एकच नेटवर्क. वायर होती तीच वॅनच्या पोर्टात राहू दिली तरी चालते, या मोडमध्ये ते पोर्ट पण बाकीच्या चारांसारखंच वागतं. मोबाईलवरून करायचं असेल तर टीपी-लिंकचं टेदर अ‍ॅप आहे पण मला ब्राउझर बरा वाटतो, अ‍ॅपमध्ये गोष्टी शोधाव्या लागतात.

एक लक्षात ठेवा, मोड बदलल्यावर १९२.१६८.०.१ टाकून राउटरचं पान उघडणार नाही, कारण आता त्याचा स्वतःचा पत्ता पण खालच्या राउटरने दिलेला असतो. टीपीलिंकवायफाय डॉट नेट चालतं, नाहीतर खालच्या राउटरमध्ये जोडलेल्या डिव्हाइसची लिस्ट बघायची. बरेच जण इथे घाबरून रीसेटची पिन दाबतात आणि पुन्हा राउटर मोडमध्ये येऊन पडतात, मग म्हणतात सेटिंग टिकतच नाही.

प्रिंटर मात्र जुनाच पत्ता धरून बसला होता, तो बंद करून चालू केला, नवीन पान छापलं, १९२.१६८.१.४१. बाबांच्या मोबाईलवर प्रिंट दाबलं आणि लिस्टमध्ये प्रिंटरचं नाव आलं, वर घर्रर्र आवाज झाला आणि सातबारा बाहेर. टीव्ही पण कास्टमध्ये आला.

अ‍ॅक्सेस पॉइंट केल्यावर काही गोष्टी हातातून जातात हे पण सांगतो नाहीतर नंतर शिव्या घालाल. पोरांच्या मोबाईलवर वेळेचं बंधन, कोणाला किती स्पीड, असली सगळी कामं मग खालच्या मुख्य राउटरच्या हातात, सी६ फक्त वायफाय पसरवतो. आणि कंपनीने दिलेल्या डब्यात या सोयी असतील-नसतील, असल्या तरी लॉगिन देतीलच असं नाही. कोणी म्हणेल मग उलटं करा, कंपनीचा डबा ब्रिज मोडवर टाका, म्हणजे तो पत्ते न वाटता नुसतं इंटरनेट पुढे देईल, आणि सी६ लाच मुख्य करा. करता येतं, पण आमच्याकडे फायबर खाली, लँडलाइनचा फोन त्याच डब्यावर, आणि मुख्य राउटर वर नेला तर खाली परत वायफाय कुठून आणणार. ज्याचं फायबरच घराच्या मध्यात येतं त्याने तो विचार करावा.

एकच नेटवर्क झालं तरी सगळं गुण्यागोविंदाने नांदेल असं नाही, त्यातल्या ज्या गोष्टी खरंच नडल्या त्या सांगतो. पहिली म्हणजे कंपनीच्या डब्यातलं आयसोलेशन. वायफायच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन नावाचा एक टिक असतो, तो लागलेला असेल तर एकाच वायफायवरचे दोन मोबाईल पण एकमेकांना दिसत नाहीत. आमच्याकडे खालच्या ५ गिगाहर्ट्झवर तो लागलेला होता, २.४ वर नव्हता. त्यामुळे आईच्या मोबाईलवर टीव्ही दिसायचा आणि त्याच सोफ्यावर बसलेल्या भावाच्या मोबाईलवर नाही, आणि भाऊ म्हणतो माझा फोनच बिघडलाय. गेस्ट वायफायचं पण असंच, त्याचं कामच घरातल्या बाकी वस्तूंपासून पाहुण्यांना लांब ठेवायचं आहे, त्यामुळे गेस्टवर बसून प्रिंटर शोधू नका.

दुसरी गोष्ट फोनची. आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून घरच्या नेटवर्कवर काही शोधणारं प्रत्येक अ‍ॅप पहिल्यांदा विचारतं की घरच्या नेटवर्कवरची डिव्हाइस शोधू का, आणि आपण न वाचता "नको" दाबतो, मग ते अ‍ॅप जन्मभर काही शोधत नाही. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली लोकल नेटवर्क, तिथे चालू करायचं. अँड्रॉइडवर व्हीपीएन चालू असेल तर आधी तो बंद करून बघा, ऑफिसचं व्हीपीएन असलेल्या लॅपटॉपचं पण तेच. विंडोजमध्ये मोड बदलल्यावर नेटवर्क नवीन समजलं जातं आणि ते पब्लिक म्हणून नोंदलं की शेअर केलेले फोल्डर वगैरे बाकीच्यांना दिसत नाहीत, वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन प्रायव्हेट करायचं, म्हणजे घरचंच वायफाय असेल तर, स्टँडवरच्या फुकट वायफायला नको.

आणि तिसरी गोष्ट आपली लाडकी लाईट. लाईट जाऊन आली की वरचा सी६ लवकर उठतो, खालचा फायबरचा डबा आरामात, त्याला लाइन पकडायला वेळ लागतो. तेवढ्यात प्रिंटर वायफायला जोडला जातो, पत्ता मागतो, पण पत्ता देणारा अजून झोपलेला. मग प्रिंटर स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता लावून घेतो. वायफायचा दिवा निळा, सगळं छान, आणि प्रिंटर परत गायब. छापलेल्या पानावर १६९.२५४ दिसलं की प्रिंटर बंद-चालू करायचा, दुसरं काही नाही. कायमचा उपाय म्हणून खालच्या डब्याला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावला, अडॅप्टरच्या पाठीवर किती व्होल्ट किती अँपिअर लिहिलंय ते बघूनच घ्या. शिवाय त्याच डब्यात डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायच्या सोयीतल्या रिझर्व्हेशनमध्ये प्रिंटरचा मॅक पत्ता (त्याच्या वायफायचा स्वतःचा नंबर) टाकून त्याला एकच आयपी बांधून दिला, म्हणजे लॅपटॉपमध्ये टाकलेला आयपी बदलत नाही.

वायरबद्दल पण दोन शब्द, कारण ती ओढायचे पैसे आपण देतो आणि तपासत कोणी नाही. आमच्याकडे केबल ओढायला आलेल्या माणसाने आठातल्या चारच तारा जॅकमध्ये बसवल्या, बाकी चार कापून आत ढकलल्या, "दादा, नेट चारावरच चालतं" म्हणाला. चालतं, पण १०० वर. गिगाबिटला आठही तारा लागतात. जॅक पारदर्शक असतो, उजेडात धरून आठ रंग मोजा, केशरी-पांढरा, केशरी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. नाहीतर लॅपटॉप त्या वायरला जोडून लिंक स्पीड बघा, १०००/१००० पाहिजे. पुन्हा बोलावून पंच मारून घेतला, मग वर स्पीड खालच्याइतका झाला.

रेंज म्हणाल तर वरचा सगळा मजला आणि गच्चीचा जिना, २.४ वर. ५ गिगाहर्ट्झ एका भिंतीपलीकडे ठीक, दोन भिंती झाल्या की दम तोडतो, पण हे बहुतेक सगळ्यांचंच रडगाणं आहे. दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवलाय, २.४ चं चॅनेल खाली १ आणि वर ११. मोबाईल जिना चढताना आपोआप बदलतो, पण कधीकधी खालच्याच सिग्नलला चिकटून राहतो आणि वर जाऊन एका काडीवर रांगत बसतो, तेव्हा वायफाय बंद-चालू करावं लागतं. मेशमध्ये हे जास्त सफाईने होतं, ते मान्य. पण मेश घेतला आणि कंपनीच्या डब्याच्या मागे राउटर मोडवरच लावला तर मेशवाले एक घर आणि डब्यावरचे दुसरं घर हा प्रकार तिथेही होतोच, तिथेही अ‍ॅक्सेस पॉइंट मोड शोधायलाच लागतो, फक्त पाचेक हजार जास्त घालवून.

घरात जुना राउटर पडून असेल आणि त्यात हा मोड नसेल तर सी६ घ्यायची पण गरज नाही खरंतर. जुन्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, म्हणजे मुख्य राउटरच्या घरातला पण कोणाला न दिलेला, त्याचं डीएचसीपी बंद करा, आणि खालून आलेली वायर वॅनमध्ये न लावता लॅनच्या एका पोर्टात लावा, वॅन रिकामं. तेच काम होतं. पत्ता बदलायचा आधी, डीएचसीपी बंद करायचं नंतर, वायर सगळ्यात शेवटी, हा क्रम पाळा नाहीतर आत शिरताच येणार नाही. काही हौशी लोक दोन नेटवर्कं मुद्दाम वेगळी ठेवतात, कॅमेरे आणि स्मार्ट बल्ब एका बाजूला, आणि मध्ये ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या फुकट सॉफ्टवेअरवर अवाही नावाचा प्रोग्राम बसवून ती हाक इकडून तिकडे रिले करतात. छान आहे, पण मागे बाबांना सातबारा छापायचा असेल तर असले प्रयोग रविवारी सकाळी करावेत.

ट्यूशनची मुलं वायफाय मागतात, त्यांना काय द्यायचं असं एकाने विचारलं होतं. मुख्य वायफायचा पासवर्ड अजिबात देऊ नका, एकच नेटवर्क झाल्यामुळे आता त्यांना पण घरातला टीव्ही दिसतो आणि आठवीतलं पोरगं वरून काय कास्ट करेल सांगता येत नाही, खाली आई सिरीयल बघत असते. आम्ही खालच्या डब्याचं गेस्ट वायफाय चालू करून तो पासवर्ड फळ्यावर लिहिलाय. वर त्याचा सिग्नल जेमतेमच येतो, त्याबद्दल बायकोची काही तक्रार नाही.